सहा दिवस मागं राहिलेलं मशीन

गुरुवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. आमचा ज्युनिअर एवढ्या सकाळी फोन करत नाही, मेसेज टाकतो. "मॅडम, पहिल्या होस्टवरचं सगळं बसलंय," एवढंच म्हणाला.

आमचा पसारा तसा आटोपशीर. ईएसएक्सआयचे (एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) दोन होस्ट, म्हणजे खरे सर्व्हर, त्यांवर मिळून सॉफ्टवेअरनं उभी केलेली तेरा व्हर्च्युअल मशीन. पहिल्यावर आठ, दुसऱ्यावर पाच. पहिल्या होस्टच्या पोटात सहा डिस्कचा रेड-५, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कचा अ‍ॅरे. सोमवारी त्यातली एक डिस्क गेली, बुधवारी दुपारी नवी बसवली, तिच्यावर गेलेला डेटा पुन्हा भरणं, म्हणजे रिबिल्ड, सुरू झालं. रेड-५ एक डिस्क गेलेली सोसतो, दुसरी नाही. आणि रिबिल्ड म्हणजे उरलेल्या डिस्क पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्यापर्यंत वाचून काढणं, म्हणजे आधीच थकलेल्यांवर सगळ्यात जास्त ओझं नेमकं त्याच वेळी. त्यात या सगळ्या एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या. पहाटे पावणेपाचच्या सुमारास दुसरी गेली. रिबिल्ड ७१ टक्क्यांवर थांबलं आणि डेटास्टोअर, म्हणजे मशीनच्या फाइल ठेवायची जागा, नाहीसा झाला.

"पण स्नॅपशॉट आहेत ना?" ज्युनिअरनं विचारलं. त्याला हसू नये. हा गैरसमज मी माझ्याहून मोठ्या हुद्द्याच्या माणसांच्या तोंडून ऐकलाय. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल आहे तिथं गोठते आणि नवं लिखाण शेजारच्या डेल्टा फाइलमध्ये जायला लागतं. दोन्ही फाइल त्याच डेटास्टोअरवर. घर जळालं तर घरातलीच दुसरी खोली काय कामाची? अपडेट टाकण्याआधी स्नॅपशॉट घ्यावा, काम झालं की पुसावा. ७२ तासांहून जास्त ठेवू नका असं व्हीएमवेअर स्वतःच सांगतं.

बॅकअप मात्र होता. रोज रात्री होत होता, आणि रोज सकाळी मला हिरव्या रंगाचा मेल येत होता. बॅकअपचा सर्व्हर दुसऱ्या होस्टवर, आणि बॅकअपच्या फाइल वेगळ्या स्टोरेज पेटीत. म्हणजे दोन्ही शाबूत. ऑफिसला पोचेपर्यंत मी बऱ्यापैकी निवांत होते, हे आज कबूल करते.

पहिली ठेच लॉगिनलाच लागली. बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेत, जोडलेला. ती चालवणारे डोमेन कंट्रोलर दोन, पण दोन्ही पहिल्याच होस्टवर. "एक बंद पडला तर दुसरा असावा" म्हणून दोन केले होते. मग कधीतरी दुसऱ्या होस्टवर रॅम कमी पडली म्हणून एक तिकडून इकडे सरकवला आणि तो तिथंच राहिला. सरकवणारी मीच. रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीनमध्ये शिरायची विंडोजची सोय) म्हणालं, लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही. बरं, लोकल अ‍ॅडमिननं, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या खात्यानं, जाऊ. त्याचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये. पासवर्ड मॅनेजर पहिल्या होस्टवरच्या आठांपैकी एक. पेटीची किल्ली पेटीत.

दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघं जुन्या वह्या चाळत होतो. मग आठवलं की विंडोज शेवटच्या काही लॉगिनची नोंद स्वतःजवळ ठेवतं, डोमेन सापडलं नाही तरी त्यावर आत येता येतं. रिमोट डेस्कटॉपवरून ते चालत नाही, कारण तिथं आत येण्याआधीच नेटवर्कवरून ओळख पटवावी लागते. पण ईएसएक्सआयचा कन्सोल उघडून, जणू मशीनसमोरच बसलोय असं, टाकलं तर चालतं. ईएसएक्सआयचा रूट पासवर्ड मला पाठ होता. कन्सोल उघडला, माझं नेहमीचं नाव आणि पासवर्ड टाकला, आणि एक मोठा श्वास सोडला. त्या सर्व्हरवर मी आधी कधीच लॉगिन केलं नसतं तर ही वाटही बंद होती.

बॅकअप एन्क्रिप्ट केलेले होते हे त्यानंतर लक्षात आलं. सर्व्हर जिवंत असल्यामुळे त्यानं किल्ली विचारली नाही. तो पहिल्या होस्टवर असता तर नव्या सर्व्हरवर ती किल्ली टाकावी लागली असती, आणि ती कुठं होती हे आता सांगायला नको.

साडेआठला साहेब आले. त्यांचा प्रश्न सगळ्या साहेबांचा असतो तोच: "किती वेळ?" मी गणित मांडलं. एक गिगाबिटचं नेटवर्क म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ मेगाबाइट, हातात साधारण ११०. फाइल सर्व्हर दोन टेराबाइटचा, म्हणजे तो एकटाच पाच तास. एका वेळी दोन रिस्टोअर लावले तर वेग निम्मा होतो. हे ठाऊक असूनही घाईत मी तसं केलंच, आणि दोन्ही रखडले. बॅकअप रोज फक्त बदललेले ब्लॉक उचलतो म्हणून तो तासाभरात आटपतो. रिस्टोअरला सगळंच वाहून आणावं लागतं. आम्ही बॅकअपची वेळ मोजत आलो होतो, रिस्टोअरची कुणीच मोजली नव्हती.

दुसरा प्रश्न होता, आणायचं कुठं? साहेबांचं म्हणणं, पहिल्या होस्टच्या चांगल्या डिस्कवर नवा अ‍ॅरे करा आणि त्यावर ओता. मी नाही म्हटलं. जोवर आठच्या आठ मशीन परत उभी राहून लोकांनी "हो, आमचं सगळं आहे" असं सांगितलेलं नाही, तोवर त्या डिस्कना हात लावायचा नाही. अगदीच फसलं तर डेटा काढून देणाऱ्यांकडे नेण्यासाठी त्या तशाच हव्यात. तेव्हा दुसऱ्या होस्टवरच दाटीवाटी करायची ठरली. डिस्कवर जागा होती, रॅम तुटपुंजी. ३२ जीबीच्या मशीनला १२ देऊन चालवायचं.

क्रम मात्र रॅमनं नाही, एकमेकांवरच्या अवलंबनानं ठरतो. डोमेन कंट्रोलर आधी, कारण त्याच्यावरच डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा. तो नसेल तर बाकीची मशीन चालू होऊनही एकमेकांना नावानं हाक मारू शकत नाहीत. बुधवारी रात्रीच्या बॅकअपमधून एक कंट्रोलर आणला. चालू केला. गोल फिरणारे ठिपके, आणि बस. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. ज्युनिअर म्हणाला, "रीसेट मारू?" मी त्याचा हात धरला. या मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पहिला डीएनएस म्हणून दुसऱ्या कंट्रोलरचा पत्ता होता, आणि तो तर मेलेला. लॉगमध्ये नंतर ४०१३ क्रमांकाची नोंद सापडली: डीएनएस सेवा डिरेक्टरीचं (डोमेनमधल्या नोंदींचं) पहिलं सिंक होण्याची वाट पाहतेय. सिंक कुणाशी, तर जो नाही त्याच्याशी. बिचारा दारात उभा राहून भावाची वाट बघत होता. शेवटी कंटाळून एकटाच आत आला. पण आल्यावरही सिसव्हॉल, म्हणजे डोमेनच्या सामायिक फाइलचा फोल्डर, शेअर करेना, कारण रिस्टोअर झालेला कंट्रोलर आपली प्रत जुनी समजतो आणि जोडीदाराकडून नवी मिळेपर्यंत ती बाहेर काढत नाही. तुझीच प्रत खरी, असं त्याला हातानं सांगावं लागलं. दुसरा कंट्रोलर मी बॅकअपमधून आणलाच नाही. त्याची नोंद डिरेक्टरीतून काढून टाकली आणि नंतर सवडीनं नवा उभा केला. एक नीट असला की दुसरा त्याच्याकडून सगळं शिकून घेतो. दोघांनाही जुन्या काळातून उठवून आणण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

पासवर्ड मॅनेजर लहानसा, दहा मिनिटांत आला. फाइल सर्व्हर बॅकअपच्या फाइलवरूनच थेट चालू केला. बॅकअपची पेटी होस्टला डेटास्टोअर म्हणून जोडली जाते आणि मशीन तिथूनच बूट होतं. खरं स्थलांतर मागून चालत राहतं. दोन-तीन मिनिटांत मशीन उभं, लोक खूश. पण ती पेटी स्वस्त, मोठ्या, संथ डिस्कची. बॅकअप साठवायला ठीक, साठ-सत्तर माणसांना एकदम फाइल उघडून द्यायला नाही. दुपारपर्यंत "फाइल उघडतेय पण रांगतेय" अशा तक्रारी येत राहिल्या. रांगतेय म्हणजे आहे, हे समाधान त्या दिवशी पुरेसं होतं.

मग ईआरपीची पाळी. अकाउंट्स, खरेदी, बिलं, सगळं त्यावर. बुधवार रात्रीचा रिस्टोअर पॉइंट निवडला, ३८ टक्क्यांवर अडला. चेकसम (फाइल बिघडली नाही ना ते ताडायचा आकडा) जुळत नाही. मंगळवार, तिथंच अडला. सोमवार, तिथंच. तेव्हा पोटात गोळा आला. शनिवारी रात्री पूर्ण बॅकअप आणि बाकी दिवस फक्त बदल, अशी आमची पद्धत. प्रत्येक मशीनची साखळी वेगळी. रविवार ते बुधवारची प्रत्येक कडी त्या शनिवारच्या फाइलवर टांगलेली. आणि ती शनिवारची फाइलच मध्ये कुठंतरी कुजलेली. लिहिताना ठीक होती, म्हणून मेल हिरवा. नंतर पेटीतल्या डिस्कवर पडल्या पडल्या बिघडली, आणि ती पुन्हा वाचून बघायला कुणी गेलंच नाही. साठवलेले बॅकअप ठरावीक दिवसांनी वाचून तपासायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती. रात्रभर चालते आणि बॅकअपच्या वेळेत घुसते म्हणून आम्ही ती बंद ठेवली होती.

"बाहेर ठेवलेली प्रत आहे की," ज्युनिअरला आठवलं. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत बाहेर, हा नियम आम्हीही भिंतीवर लावलेला. पण आमची बाहेरची प्रत म्हणजे या पेटीतल्या फाइल जशाच्या तशा तिकडे उचलून नेलेल्या. कुजलेला ब्लॉक इमानेइतबारे तिकडेही पोचला होता.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पाच वेगवेगळ्या बॅकअप आणि रेप्लिकेशन पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घेणारं जुन्या आवृत्तीचं साधन गुपचूप नापास होत होतं, आणि नापास झाल्याचे मेल पोचतच नव्हते. सहा तास आधी कुणीतरी हातानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटनं त्यांना तारलं. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं होतं. मी ते वाचून टीमला पाठवलंही होतं, बरोबर एक हसरा चेहरा टाकून. तो हसरा चेहरा मला त्या दुपारी आठवला.

आमच्या ईआरपीची, त्या कुजलेल्या शनिवारच्या आधीच्या आठवड्याची साखळी मात्र धडधाकट निघाली. तिची शेवटची कडी शुक्रवारची. म्हणजे मशीन मिळणार, पण सहा दिवस मागचं. आणि डेटा? इथं आमच्या जुन्या डेटाबेसवाल्यांचे उपकार. व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप सुरू झाल्यावर मीच त्यांना म्हटलं होतं की आता तुमचा वेगळा बॅकअप कशाला. त्यांनी ऐकलं नाही. रात्री दोनला डेटाबेसचा पूर्ण बॅकअप आणि दर तासाला व्यवहारांचा लॉग, हे वेगळ्या शेअरवर चालूच राहिलं. गुरुवारी पहाटे दोनचा पूर्ण, मग तीनचा आणि चारचा लॉग, तिन्ही जागेवर. अ‍ॅरे गेला पावणेपाचला. त्या पाऊण तासात कामावर कुणी नव्हतं.

तर बेत साधा: शुक्रवारचं मशीन उभं करायचं, आतला डेटाबेस बाजूला सारून गुरुवार पहाटेचा भरायचा, मग लोकांना सोडायचं. तीन वाजता मशीन आलं. मी चालू केलं. आणि इथं माझी चूक झाली. रिस्टोअरच्या शेवटच्या खिडकीत "नेटवर्क जोडा" ही खूण आधीपासून असते. ती मी काढली नाही.

मशीन जागं झालं. त्याच्या लेखी शुक्रवारची रात्र होती. मग त्यानं घड्याळ जुळवलं आणि त्याला कळलं की गुरुवार उजाडलाय, मधली सगळी कामं राहिलीत. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये "वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा" अशी एक सोय आहे. दर सोमवारी थकबाकीदारांना आठवण पाठवणारं काम आमच्याच कुणीतरी त्या सोयीसह लावलेलं. मशीननं शुक्रवारचा डेटाबेस उघडला, कुणाकुणाचं येणं आहे ते पाहिलं आणि आज्ञाधारकपणे मेल सोडले. १४३. मी तेव्हा शेजारच्या खिडकीत डेटाबेस भरण्याची आज्ञा टाइप करत होते.

वीस मिनिटांनी अकाउंट्सचे साहेब दारात. चेहरा शांत, आणि त्यांचा शांत चेहरा वाईट. "ज्यांनी मंगळवारी पैसे भरले त्यांना आत्ता तगादा गेलाय. तुम्ही सिस्टीम चालू केलीत की काय केलंत?" मला उत्तर सुचेना. मशीन सहा दिवस झोपलं होतं आणि उठल्या उठल्या कामाला लागलं, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? माफीचं पत्र त्यांनीच लिहिलं, त्यांची भाषा माझ्यापेक्षा बरी. मी फक्त १४३ पत्त्यांची यादी काढून दिली.

डेटाबेस मात्र नीट भरला गेला. पूर्ण बॅकअप, तीनचा लॉग, चारचा लॉग. शेवटचा लागेपर्यंत डेटाबेस "रिस्टोअरिंग" म्हणत बसतो. मध्येच उघडला तर पुढचे लॉग घेत नाही, म्हणून तिथं हात आखडता ठेवावा लागतो. संध्याकाळी सात वाजता खरेदी विभागातल्या एकीनं बुधवारची शेवटची ऑर्डर उघडून दाखवली. आहे.

उरलेल्यांनीही आपापले नखरे केले. एक जुनं लिनक्स, एका सॉफ्टवेअरचं लायसन्स वाटणारं. ते नवीन मशीन म्हणून रिस्टोअर झालं, त्यामुळे नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता, म्हणजे त्याची ओळख, नवा पडला. लिनक्सला वाटलं दुसरं कार्ड लागलंय, त्यानं ईटीएच०च्या जागी ईटीएच१ उभं केलं, आयपी पत्ता अनाथ. तो सोडवला तर लायसन्स रुसलं, कारण तेही जुन्या मॅक पत्त्यावर बांधलेलं. जुना पत्ता बॅकअपमधल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सापडला, हातानं घातला, दोन्ही भांडणं मिटली.

आणखी एक, बंद पडलेल्या एका जुन्या प्रणालीचा रेकॉर्ड बघण्यापुरतं ठेवलेलं. त्यात काही बदलत नाही म्हणून ते रोजच्या बॅकअपमधून वगळलेलं, तीन महिन्यांतून एकदा प्रत. ती प्रत सत्तर दिवस जुनी निघाली. आतला डेटा तोच, पण डोमेन त्याला ओळख देईना: विश्वासाचं नातं तुटलं आहे. डोमेनमधलं प्रत्येक मशीन साधारण ३० दिवसांनी आपला पासवर्ड आपणच बदलतं, कुणाला न सांगता. या सत्तर दिवसांत तो दोनदा बदललेला, आणि उठून आलेलं मशीन जुनाच पासवर्ड सांगत दारात उभं. माणूस मात्र एकही आत शिरलेला नाही, फाइल एकही हललेली नाही. "काही बदलत नाही" असं आपण म्हणतो ते आपल्या बाजूनं. लोकल अ‍ॅडमिननं आत जाऊन पॉवरशेलच्या एका ओळीत ते नातं पुन्हा जोडलं. लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड आता मिळत होता, हे त्यातल्या त्यात.

त्यानंतर काय बदललं ते थोडक्यात. डोमेन कंट्रोलर दोन होस्टवर, आणि ते एकत्र येणार नाहीत असा नियम लावून. बॅकअप सर्व्हर डोमेनबाहेर. एन्क्रिप्शनची किल्ली आणि चार पासवर्ड कागदावर, पाकिटात, तिजोरीत. पाकिटावर माझी आणि साहेबांची सही. बाहेरची प्रत आता फाइल उचलून नाही, मूळ मशीनमधून स्वतंत्रपणे तयार होते. साठवलेल्या बॅकअपची तपासणी चालू केली. ती अजूनही वेळ खाते, खाऊ दे. आणि दर महिन्याला एक मशीन चिठ्ठी टाकून निवडतो, बाहेरशी संबंध नसलेल्या नेटवर्कवर उठवतो, आणि त्या विभागातल्याच कुणाला तरी बोलावून समोर बसवतो. आम्हाला लॉगिनची खिडकी दिसली की मशीन ठीक वाटतं. त्यांना कालची नोंद दिसली तरच. पहिल्या महिन्यात चिठ्ठी फाइल सर्व्हरची निघाली आणि घड्याळ लावून पाच तास चाळीस मिनिटं भरली. तो आकडा मी साहेबांना लेखी दिला. दहा गिगाबिटच्या स्विचची जी फाइल दोन वर्षं टेबलावर होती, ती त्या आठवड्यात हलली.

आठवं मशीन राहिलं. त्याचं नाव "टेस्ट-२-नवीन". चार कोअर, १६ जीबी रॅम, कधी कुणी केलं त्याची नोंद नाही. गुरुवारी रॅम नव्हती म्हणून मागं ठेवलं, म्हटलं ज्याचं असेल तो येईल भांडायला. पहिल्या होस्टवर नवा अ‍ॅरे झाला, बाकी सगळे आपापल्या घरी परतले, सात महिने झाले. कुणीही आलेलं नाही. ज्युनिअर दर महिन्याला विचारतो, "मॅडम, त्याचा बॅकअप पुसू का आता?" मी म्हणते, राहू दे अजून थोडे दिवस.